बर्फातली वाट आणि एका साहेबाची फजिती



आषाढात काळ्या रानात उतरल्यावर पाय पोटरीपर्यंत कसा रुततो, हे मी तुम्हाला सांगायला नको. चप्पल चिखलात राहते आणि पाय तेवढा वर येतो. मग आपण बांधापासून विहिरीपर्यंत दोन फळ्या टाकतो आणि त्याच चिखलावरून खुशाल ये-जा करतो. भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची रुंद चाके लावतात, तीही याच कारणासाठी. भार तोच असतो, पण तो पसरला की जमीन पेलते.

हीच युक्ती पायाला बांधून मी एका जानेवारीत हिमाचल प्रदेशातल्या बर्फात दिवसभर चाललो. त्या दिवशी जे पाहिले आणि माझी जी फजिती झाली, ती तुमच्या कामाची आहे म्हणून सांगतो.

आम्ही चौघे मित्र. द्राक्षबागायतदार आबा, दूधवाले अण्णा, निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी आणि मी. चौघेही पन्नाशी ओलांडलेले. पुण्याच्या एका कृषी प्रदर्शनात नारकंड्याकडच्या एका सफरचंद बागायतदाराशी ओळख झाली होती. "हिवाळ्यात या, बर्फ दाखवतो," असे तो दर पत्रात लिहायचा. शेवटी रजा काढली आणि निघालो.

शिमल्याहून नारकंडा साठ-पासष्ट किलोमीटर. उंची सुमारे २,७०० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. तिथून वर हाटूचे शिखर सुमारे ३,४०० मीटर उंच असून माथ्यावर हाटू मातेचे लाकडी मंदिर आहे. उन्हाळ्यात मोटार वरपर्यंत जाते. थंडीत रस्ता बर्फाखाली जातो आणि पायांशिवाय दुसरे वाहन उरत नाही.

पायाखालची फळी

अण्णांचा मुलगा कॅनडात असतो. त्याने बर्फात चालायच्या जोड्यांचे चार जोड धाडले होते. हे जोडे म्हणजे आपल्या बुटाखाली बांधायची लांबट चौकट. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी पूर्वी लाकूड वाकवून चौकट करीत आणि त्यात कातड्याच्या वाद्या विणीत. बाजेसारखीच वीण म्हणा. आता ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक वापरतात, खाली धरायला दाते असतात.

गुरुजींनी तिथेच गणित मांडले. माणसाचे वजन ७० किलो. एका तळव्याचे क्षेत्र सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, जोड्याचे सुमारे १,२००. म्हणजे एका पायावर उभे राहिले, तर दर चौरस सेंटिमीटरवर ३५० ग्रॅमऐवजी साठेक ग्रॅमच भार. मी जोडा काढून एक पाऊल टाकून पाहिले, तो गुडघ्यापर्यंत आत! जोडा घालून टाकले, तर चारच बोटे दबले.

चालण्याची रीत मात्र शिकावी लागते. पाय थोडे फाकवून चालायचे, सरीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून चालतो तसे. नाहीतर एका जोड्यावर दुसरा पडतो आणि माणूस तोंडघशी जातो. आबा दोनदा गेले. पुढचा माणूस कोरा बर्फ दाबून वाट पाडतो, त्याला सर्वांत जास्त दम लागतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पुढचा मागे येतो. जुवाखालचे बैल बदलावेत तसे.

दोन्ही बाजूंना देवदार आणि खरसूची झाडे, फांद्यांवर बर्फाचे ओझे, मध्येच कुठल्याशा पाखराच्या पायांची नक्षी. आवाज फक्त आमच्या पावलांचा. गुरुजींसारखा बोलका माणूसही अर्धा तास गप्प चालला.

फजिती

निघताना बागायतदाराने मला बजावले होते, "साहेब, आत सुती बनियन नको. आणि चढ लागला की स्वेटर काढा, घाम येऊ देऊ नका." मी हसलो. एवढ्या थंडीत घाम कसला? मित्रांनी ऐकले. मी सुती बनियन, त्यावर सदरा, स्वेटर, वर कोट अशा थाटात निघालो.

दोन तासांच्या चढाने आतून चिंब भिजलो. चालत होतो तोवर काही वाटले नाही. साडेबाराला पराठे खायला एका उघड्या धारेवर थांबलो आणि वारा सुटला. दहा मिनिटांत दातखीळ बसायची वेळ आली. मग बोटांना कोटाची चेन उघडेना. गुरुजी माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, मघापासून तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात."

मी म्हणालो, "काही नाही हो, चला पुढे."

मंदिर जेमतेम एक किलोमीटर राहिले होते. आबांनी देवीसाठी थेट गावाहून नारळ आणला होता. बागायतदाराने आभाळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "देवी कुठे जात नाही. परत फिरू या."

मी हट्ट केला. आपल्यामुळे मित्रांची यात्रा मोडते, ही लाज थंडीपेक्षा वाईट होती. तेव्हा आबा पुढे आले. त्यांनी पिशवीतला नारळ बागायतदाराच्या हातात दिला. "बर्फ वितळला की आमच्या नावाने चढवा," एवढेच बोलले आणि खाली तोंड करून चालू लागले. पुढे बोलण्याचा प्रश्नच उरला नाही.

एका खडकाच्या आडोशाला माझे ओले कपडे उतरवले. अण्णांनी आपला कोरडा लोकरीचा सदरा मला चढवला, कानटोपी घातली, गरम गोड चहा घोट घोट पाजला. हळूहळू बोटे चालू लागली. साडेपाचला अंधारून येते, आम्ही चारलाच घरी पोहोचलो.

घरात लाकडे जाळायची लोखंडी शेगडी पेटलेली होती. मी पाय तिच्याकडे नेले, तोच बागायतदाराच्या आईने हात धरून मागे ओढले. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही, माणूस भाजून घेतो. चोळायचेही नाही. कोमट पाण्याने हळूहळू ऊब आणायची. ती बाई शाळेत गेलेली नव्हती, पण तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते.

थंडीचे पीक

संध्याकाळी बागेच्या गोष्टी निघाल्या. जवळच्या कोटगडला सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन माणूस राहिला. १९०४ साली तो हिंदुस्थानात आला, इथलाच झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला आणि पुढे सत्यानंद हे नाव घेतले. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतल्या रेड डेलिशस जातीची कलमे लावली आणि या डोंगराचे नशीब पालटले.

या जातीच्या झाडाला हिवाळ्यात ७ अंश सेल्सियसच्या खाली सुमारे १,००० ते १,२०० तास गारवा लागतो. तो मिळाला नाही, तर डोळे नीट फुटत नाहीत, फुलोरा मागेपुढे होतो. बर्फ हळूहळू वितळून मुळांना ओलही देतो. म्हणून तिथे बर्फ पडला की बागायतदार खूश होतो. "हल्ली बर्फ कमी पडतो, बागा वर वर सरकू लागल्या," असे आमचा मित्र सांगत होता, तेव्हा त्याचा चेहरा मला पाऊस लांबलेल्या आपल्या शेतकऱ्यासारखा दिसला.

आपल्याकडे सफरचंदाची रोपे विकायला येतात, तेव्हा हा हिशेब लक्षात ठेवा. कमी थंडीत फळणाऱ्या जाती निघाल्या आहेत. पण जात कोणती आणि तिला गारवा किती लागतो, हे विचारल्याशिवाय एक रोपही घेऊ नका.

तुमच्यासाठी

आता गावागावांतली तरुण मुले हिमालयात फिरायला जातात. त्यांना चार गोष्टी सांगा. अंगाला सुती कपडा नको, लोकरीचा किंवा लवकर वाळणारा हवा. घाम येण्याआधी एक थर उतरवावा, थांबताच चढवावा. बर्फावर काळा चष्मा हवा, नाहीतर डोळ्यांना इजा होते. दारूने ऊब वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. आणि परत फिरायची वेळ सकाळीच ठरवावी.

पण बर्फापर्यंत जायची गरज नाही. पौषात रात्रपाळीची वीज येते आणि तुम्ही गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला रानात जाता. बारे देता देता धोतर, सदरा भिजतो, पहाटेचा वारा सुटतो. ही तीच थंडी. ओला कपडा अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर काढून घेतो. म्हणून घरच्या माउलीने एक कोरडा जोड, कानटोपी आणि गरम चहा बरोबर द्यावा. शक्यतो एकट्याने जाऊ नये. सोबतीचा माणूस खूप कुडकुडू लागला, त्याची जीभ जड झाली, तोच तोच बोलू लागला, तर पाणी राहू द्या, मोटर बंद करा. त्याला आडोशाला न्या, कोरडे कपडे घाला आणि दवाखाना गाठा. "काही झाले नाही," असे तो म्हणेल. मीही म्हणालो होतो.

एक शेवटचे. इतकी वर्षे मी कचेरीत बसून म्हणत आलो, "शेतकरी सांगितलेले ऐकत नाहीत." हाटूच्या वाटेवर सांगणारा शेतकरी होता आणि न ऐकणारा साहेब. तेव्हापासून एखाद्याच्या शेतात गेलो की आधी त्यालाच विचारतो, "तुमचा अनुभव काय?" मग माझे सांगतो.

नारळ वैशाखात चढवल्याचे पत्र आले. आबांनी ते देव्हाऱ्यात ठेवले आहे.