आईचे गुडघे आणि तुम्ही
पुण्यात तुम्ही ट्रेडमिलवर घाम गाळताय आणि तिकडे बीडला आई भिंत धरून चालतेय? ‘वयच झालं रे आता,’ म्हणत ती विषय टाळेल. टाळू देऊ नका!

पाय धनुष्यासारखे वाकले तरी गुडघा बदलता येतो. हाडांची झिजलेली टोकं कापून धातूचं आवरण बसवतात, मध्ये प्लॅस्टिकची चकती. वाकडेपणा फार असेल तर आखडलेले अस्थिबंध सैल करणं, हाडातला खड्डा भरणं, कधी लांब दांड्याचा सांधा, असा व्याप वाढतो. म्हणून उशीर नको.

वाजपेयींनी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ मध्ये दोन्ही गुडघे बदलून घेतले. २०१७ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारी मर्यादाही आली. ऑपरेशननंतर व्यायाम मात्र रोज हवा.

मग कंकालेश्वराला आईसोबत चालत जायचंय ना? या रविवारी गाडी बीडकडे वळवा!