तारानिर्मितीचे इंधन : वायू, धूळ आणि खोडद येथील निरीक्षणे

प्रस्तावना :
ताऱ्यांमधील अवकाश रिकामे नाही. त्यात प्रामुख्याने हायड्रोजन व हेलियम हे वायू आणि वस्तुमानाने जेमतेम एक टक्का धूळ विखुरलेली असते. याच द्रव्यापासून तारे व ग्रह घडतात. विश्वातील तारानिर्मिती सुमारे ८०० ते १,००० कोटी वर्षांपूर्वी शिगेला पोहोचली होती; आज तिचा वेग त्याच्या साधारण एक दशांश आहे. ही निर्मिती कशी होते आणि ती मंदावली का, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उकलीत पुणे जिल्ह्यातील एका दुर्बिणीचा मोलाचा वाटा आहे.

मेघापासून ताऱ्यापर्यंत :
विरळ हायड्रोजन अणुरूपात असतो. धूलिकणांच्या पृष्ठभागावर दोन अणू एकत्र येऊन हायड्रोजनचा रेणू तयार होतो. धूळ ताऱ्यांचा प्रकाश अडवून मेघाचा अंतर्भाग थंडही राखते. तेथील तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वायूचा दाब मेघाला पसरवू पाहतो, तर गुरुत्वाकर्षण त्याला आकुंचित करू पाहते. मेघाचे वस्तुमान विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्यास गुरुत्वाकर्षणाची सरशी होते, हे जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये गणिताने दाखविले. मेघ जितका थंड व दाट, तितकी ही मर्यादा कमी. आकुंचनाने केंद्रभाग तापत जातो व तेथील तापमान सुमारे एक कोटी अंशांवर पोहोचले की हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर सुरू होऊन तारा स्थिरावतो.

उरलेल्या द्रव्यातून ग्रह :
मेघाला मुळात असलेली किंचित परिभ्रमण गती आकुंचनाबरोबर वाढते. त्यामुळे सर्व द्रव्य केंद्रात न पडता ताऱ्याभोवती चपटी तबकडी तयार होते. तिच्यातील धूलिकण एकमेकांना चिकटून खडे, खड्यांपासून मोठे पिंड व पिंडांपासून ग्रह बनतात. सूर्याभोवती ही प्रक्रिया सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. तिचे अवशेष विदर्भातही आढळले आहेत. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात पडलेले अशनी सामान्य काँड्राइट या वर्गातील आहेत. या वर्गातील अशनी ज्या पिंडांचे तुकडे असतात, ते पूर्ण वितळून पृथ्वीप्रमाणे गाभा व कवच अशा भागांत विभागले गेलेले नसतात. त्यामुळे ग्रहनिर्मितीच्या आरंभीच्या द्रव्याची माहिती त्यांतून मिळते.

दीर्घिकांतील वायूचे मोजमाप :
दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा आणि वायूचा प्रचंड समूह. तिच्यातील तारानिर्मिती जिनिंग कारखान्याप्रमाणे समजून घेता येते. कारखाना किती काळ चालेल हे साठलेला कापूस, रोजचा वापर आणि नवी आवक या तिन्हींवर ठरते. दीर्घिकेत हा साठा अणुरूप हायड्रोजनचा असतो व आवक भोवतालच्या अवकाशातून होते.

अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी उत्सर्जित करतो. दूरच्या दीर्घिकांतून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे या लहरी ताणल्या जातात व अत्यंत क्षीण होतात. नारायणगावजवळील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. तिच्या सुधारित यंत्रणेच्या साहाय्याने आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून त्यांची सरासरी काढली. एकेका दीर्घिकेचा संदेश टिपणे शक्य नव्हते. सरासरीत मात्र तो स्पष्ट दिसला. हे संशोधन २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांमध्ये अणुरूप हायड्रोजनचे वस्तुमान ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाइतके किंवा त्याहून अधिक होते. म्हणजे साठा मोठा होता. परंतु वापर त्याहून मोठा होता. त्या वेगाने तो १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. नवी आवक त्या प्रमाणात न झाल्याने तारानिर्मिती ओसरली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्याच गटाच्या २०२२ मधील अभ्यासात, त्याआधीच्या सुमारे १०० कोटी वर्षांत वायूचे प्रमाण घटत आल्याचे दिसून आले. त्यामुळे या स्पष्टीकरणास बळ मिळाले.

समारोप :
तारा व ग्रह यांचा जन्म स्थानिक मेघाच्या आकुंचनातून होतो, परंतु दीर्घिकेत किती तारे जन्मतील हे वायूच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. पदवी वर्गांना ताऱ्यांची उत्क्रांती शिकविताना बहुधा पहिल्याच भागावर भर दिला जातो. खोडद येथील निरीक्षणांचा समावेश केल्यास दुसरा भागही विद्यार्थ्यांसमोर येईल, आणि मूलभूत संशोधन आपल्याच राज्यात होत असल्याची जाणीव त्यांना होईल.