नवजात अर्भकाच्या श्वासाचा आवाज

नवजात अर्भकाचा श्वास ऐकू येऊ लागला की घरातील माणसे आवाजाच्या मोठेपणावरून धोक्याचा अंदाज बांधतात. हे माप फसवे आहे. आवाज श्वास घेताना उमटतो की सोडताना, हे पाहणे अधिक उपयुक्त होय.

श्वास घेताना छातीबाहेरील वायुमार्गातील दाब घटतो आणि घसा व स्वरयंत्र यांच्या मऊ भिंती आत ओढल्या जातात. छातीतील नलिका याउलट श्वास सोडताना आकुंचन पावतात. म्हणून वरचा अडथळा श्वास घेताना वाजतो, खालचा सोडताना. त्यात अर्भकाचा मार्ग मुळातच अरुंद. त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहास होणारा विरोध सोळापट वाढतो. नाकातील किंचितशा शेंबडानेही घुरघुर होते ती यामुळेच. बाळ अंगावर नीट पीत असेल, तर तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. स्वरयंत्राच्या मऊपणामुळे होणारा तीक्ष्ण आवाज बाळ उताणे निजले वा रडले म्हणजे वाढतो, व बहुधा वर्ष-दीड वर्षात आपोआप नाहीसा होतो.

खरी चिंता श्वास सोडतानाच्या हलक्या कण्हण्याची. वायुकोश मिटू नयेत म्हणून बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून हवा आत कोंडून धरते. तोच हा आवाज. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत वायुकोशांचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य उणे असते, हे एव्हरी व मीड यांनी १९५९ साली दाखविले. जन्मानंतर थोडा वेळ निरोगी बालकही कण्हते. ते टिकले तर मात्र दुर्लक्ष करू नये. बाळ थकले म्हणजे कण्हणे थांबते आणि घरच्यांना उतार पडल्यासारखे वाटते. ही शांतता सर्वांत घातक.

कानावर विसंबणे धोक्याचे असल्याने श्वास मोजणे आले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने (स्थापना १९८६) त्यासाठी मण्यांचे साधन योजिले : दर दहा श्वासांस एक मणी सरकवायचा. त्यामुळे मोठे आकडे न येणाऱ्या दाईलाही न्यूमोनिया ओळखणे शक्य झाले.

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्यासारख्या गावी हेच करता येईल. शांत असलेल्या बाळाची छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ६० वा अधिक भरल्यास पुन्हा मोजावेत. दुसऱ्यांदाही तितकेच भरले, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, ओठ निळसर झाले किंवा बाळाने पिणे सोडले, तर आवाज असो वा नसो, त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे.