छोटे अग्निबाण : काल आणि आज

हातभर लांबीचा कागदी अग्निबाण सूं करून आकाशांत जातो व इवल्याशा हवाई छत्रीच्या आधारानें सावकाश खालीं उतरतो, हा देखावा आमच्या कांहीं वाचकांनीं पाहिला असेल. आज त्याचे सर्व भाग तयार मिळतात. परंतु सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील मुलांस हाच खेळ किती कष्टाचा व धोक्याचा होता, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

१९५७ सालच्या ऑक्टोबरच्या ४ तारखेस रशियानें स्पुट्निक हा कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेंतील शाळकरी मुलांस अग्निबाणांचें वेड लागलें. वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील कोलवुड या कोळशाच्या खाणीच्या गांवीं होमर हिकम व त्याचे सोबती यांनीं खाणीच्या कारखान्यांतील कारागिरांकडून पोलादी नळ्या घडवून घेऊन प्रयोग चालविले. १९६० सालीं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनांत त्यांच्या कामास पदकही मिळालें. परंतु सर्वांचें दैव असें बलवत्तर नव्हतें. घरीं कालविलेली दारू धातूच्या नळींत ठासतांना नळी फुटे आणि कोणाचीं बोटें, कोणाचे डोळे, तर कोणाचे प्राणच जात.

यावर उपाय सुचविला तो एका जोड्यांच्या दुकानदारानें. नेब्रास्का राज्यांतील नॉरफोक गांवचे ऑर्व्हिल कार्लाइल यांस शोभेच्या दारूकामाचा नाद होता. १९५४ सालीं त्यांनीं आपल्या बंधूंच्या साह्यानें कागदाचा व हलक्या लाकडाचा अग्निबाण केला. त्याच्या पोटांत दारूचें कागदी नळकांडें निराळें बसवावयाचें आणि उड्डाणानंतर तें काढून नवें घालावयाचें, ही त्यांची युक्ति. अशीं नळकांडीं तयार मिळालीं, तर मुलांस दारूस हात लावण्याचें कारणच उरत नाहीं! हॅरी स्टाइन या अग्निबाणतज्ज्ञांनीं हें मर्म ओळखून त्यांचा प्रसार केला. १९५९ सालीं डेन्व्हरचे व्हर्नन एस्टिस यांनीं दर साडेपांच सेकंदांस एक नळकांडें भरणारें यंत्र बनविलें.

प्राणांचें भय टळलें, तरी कष्ट राहिले. बाल्सा नांवाच्या लाकडाचे पंख कापावयाचे, काचकागदानें घासावयाचे, रोगण देऊन पुन्हा घासावयाचे. त्याहून कठीण काम तोलाचें. अग्निबाणाचा गुरुत्वमध्य वाऱ्याच्या दाबाच्या मध्याहून टोंकाकडे असावा लागतो. नाहीं तर बाण हवेंत गिरक्या घेतो. दाबाचा मध्य शोधण्यासाठीं मुलें बाणाची बाह्याकृति पुठ्ठ्यावर कापून ती पट्टीच्या धारेवर तोलीत. मग बाण दोरीस बांधून डोक्याभोंवतीं फिरवीत. त्याचें तोंड पुढें राहिलें, तरच तो उडविण्यास योग्य. १९६६ सालीं जेम्स बॅरोमन यांनीं यासाठीं समीकरणें मांडलीं; आज तें गणित संगणक क्षणांत करतो. उंचीही कोन मोजून काढीत. १०० मीटर दूर उभें राहून ४५ अंशांचा कोन आला, कीं उंची सुमारें १०० मीटर. आतां हवेच्या दाबावरून उंची सांगणारें चिमुकलें यंत्र बाणांतच बसतें.

जीव घेणारे कष्ट गेले, याचा कोणासही आनंदच वाटेल. म्हणून विद्यार्थ्यांनीं घरीं दारूशीं कधींही खेळूं नये व पालकांनींही तिकडे लक्ष ठेवावें. परंतु पुठ्ठा, पट्टी व दोरी यांचे कष्ट बुद्धि घडविणारे होते. संगणकानें दिलेलें उत्तर बरोबर कां, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें तो पुठ्ठा एकदां तरी आपल्या हातानें तोलून पाहावा.