पाऊस थांबला, पण समुद्र निवळला का?

मैत्रिणींनो, आपल्या मालवण तालुक्यात बऱ्याच गटांच्या ताई न्याहारी-निवास चालवतात, कुणी खानावळ चालवते. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येतात ते मुख्यतः स्कूबासाठी. नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस कोसळतो किंवा समुद्रात वादळ उठतं. मग जेवताना पाहुणा तुम्हालाच विचारतो, "ताई, उद्या स्कूबा होईल ना?"

पाण्यात न्यायचं की नाही, हे स्कूबावाले आणि तांडेल ठरवतात. पण पाहुणा आधी तुमचा शब्द घेतो. म्हणून काय बघायचं, हे आपल्याला ठाऊक हवं. २४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि जीव गेले, हे आपण कुणीच विसरलेलो नाही.

पाणी खराब होतं ते दोन कारणांनी

पहिलं कारण नदीचं. जोराचा पाऊस झाला की कर्ली नदी देवबागच्या संगमावर लाल माती ओतते. उत्तरेला कोळंबची खाडी आहे, तिकडूनही तेच. गोडं पाणी हलकं असतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर थरासारखं पसरतं. वरून सगळं गढूळ दिसतं. त्या पाण्यात गटाराची, गोठ्याची घाणही वाहून येते. कान फुटणं, पोट बिघडणं त्यातूनच होतं. म्हणून मोठ्या पावसानंतर खाडीच्या तोंडाजवळ दोन-तीन दिवस तरी उतरू नये.

दुसरं कारण लाटेचं. लाट तळाची वाळू घुसळते. पाणी उथळ आणि तळ वाळूचा असेल, तर पाऊस न पडताही काही दिसत नाही. आणि लाट लांबूनही येते. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' वादळ आपल्या किनाऱ्यावर आलंच नाही, ते ओमानच्या दिशेने निघून गेलं. तरी आपल्याकडे समुद्र खवळला होता. म्हणून नुसतं ऊन पडलं, वारा पडला, एवढ्यावर जाऊ नका.

गढूळ पाण्यात मासे दिसत नाहीत, एवढ्यावर थांबत नाही. नवखा माणूस पाण्याखाली बोलू शकत नाही, हाताच्या खुणा करतो. त्या खुणाच दिसल्या नाहीत, तर तो घाबरलाय हे शिकवणाऱ्याला कळणार कसं?

मग जागा कोणती?

- पाऊस खूप, पण लाट नाही: नदीच्या तोंडापासून लांबची जागा बरी. निवतीकडचे समुद्रातले खडक अशा वेळी स्वच्छ मिळू शकतात. पण ती जागा उघड्या समुद्रात आहे. थोडी जरी लाट असली तरी तिकडचा विचार सोडा.
- लाट आहे, पण पाऊस फारसा नाही: आडोशाची जागा बघायची. लाट पश्चिमेकडून येते. सिंधुदुर्ग किल्ल्याची पश्चिमेची बाजू ती अंगावर घेते, मालवण गावाकडची बाजू त्यामानाने शांत राहते.
- दोन्ही आहे: जागा शोधत बसू नका. थांबा.

वेळ आणि तिथी

ओहोटीला खाडीतलं गढूळ पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणून भरती भरत आलेली असते ती वेळ चांगली. संगमावर ओहोटीचा ओढ आणि समोरून लाट, हे तर होडीलाही वाईट.

जुन्या माणसांचा हिशोब तुम्हाला माहीत असेलच: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, पंचमीला पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त, वाळूही जास्त उठते. अष्टमी ते एकादशी भांग असतो, आणि भरतीही सकाळी येते. दुपारी खारा वारा सुटतो, त्याआधीची ही वेळ. पाहुण्याच्या तारखा बदलता येत असतील तर हे दिवस सुचवा.

सकाळी विचारायचे चार प्रश्न

१. बंदरावर बावटा लागलाय का? हवामान खात्याचा किंवा इन्कॉइसचा मच्छीमारांना इशारा आहे का? असेल तर विषय संपला.
२. काल वर घाटाकडे पाऊस होता का? इथे ऊन असलं तरी नदी तिकडचं पाणी आणते.
३. नांगराचा दोर पाण्यात किती खोलपर्यंत दिसतो? हे तांडेलालाच विचारा.
४. होडीत माणसं किती, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का?

"नाही" म्हणायची तयारी

खरी अडचण पैशाची असते. हंगाम थोड्या दिवसांचा, पाहुणा लांबून आलेला. त्याने आगाऊ रक्कम परत मागितली तर? म्हणून नियम बुकिंगच्या वेळीच सांगा: खराब हवामानामुळे स्कूबा रद्द झालं तर स्कूबाचे पैसे परत किंवा दुसरा दिवस; राहण्या-जेवणाचे पैसे वेगळे. स्कूबावाल्याशीही हे आधी बोलून घ्या, म्हणजे भुर्दंड तुमच्या खिशावर येणार नाही. दोघांनाही व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

आणि पाहुण्याला रिकामं बसवू नका. धामापूरचा तलाव दाखवा, घावणे करायला शिकवा, गटाचा मसाला नि कोकम समोर ठेवा. दिवस फुकट गेला असं त्याला वाटणार नाही, गटाचीही विक्री होईल.

एक ताई "नाही" म्हणाली आणि शेजारची "हो" म्हणाली, तर पाहुणा शेजारी जातो. म्हणून हा नियम एकटीचा नको, सगळ्यांचा हवा. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, ठराव करा आणि प्रत्येक न्याहारी-निवासाच्या ओटीवर तो लावा.