चर्चगेटहून चर्चकडे

चर्चगेट स्थानकाबाहेर पडून चर्च शोधू लागले तर ते दिसत नाही, आणि गेट तर कुठेच नाही. ज्या दरवाज्याचे नाव स्थानकाला मिळाले तो मुंबईच्या कोटाचा पश्चिम दरवाजा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पाडला गेला. पण ज्या चर्चमुळे दरवाज्याला हे नाव पडले ते सेंट थॉमस कॅथीड्रल अजून उभे आहे. वीर नरीमन रस्त्याने पूर्वेकडे चालत गेले, हुतात्मा चौक ओलांडला, की हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे डाव्या हाताला त्याचा मनोरा लागतो. अंतर एक किलोमीटरच्या आसपास. रोज लाखो माणसे ‘चर्चगेट’चे तिकीट किंवा पास खिशात ठेवून येतात-जातात, आणि त्यांतल्या फार थोड्यांची पावले या चर्चपर्यंत पोचतात. माझ्या मते हा प्रश्न केवळ लोकांच्या अनास्थेचा नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची आपली कल्पनाच फाटकापाशी थांबते. दुरुस्ती होते, पुरस्कार मिळतात, फलक लागतो, पण त्या वास्तूपर्यंत पायी नेणारी वाट हाही वारशाचाच भाग आहे हे आपण धरून चालत नाही. सेंट थॉमसच्या बाबतीत तर वाट बाजूला काढली की वास्तूचा अर्थच निम्मा होतो.

असे का म्हणायचे, ते या वाटेच्या इतिहासातच आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७६ साली चर्चचा पाया घातला, पण काम रखडले आणि अर्धवट उभ्या भिंती चाळीसेक वर्षे तशाच राहिल्या. १७१४ साली आलेल्या रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गण्या गोळा करून ते पुन्हा हाती घेतले, आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. तेव्हाचा गव्हर्नर चार्ल्स बून. शहराभोवतीचा तट बांधून घेणारा आणि त्याला दरवाजे बसवणारा गव्हर्नरही हाच. त्याला तटाची एवढी निकड का वाटली हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. चर्च उघडले त्याच वर्षी त्याने खांदेरीवर आरमार धाडले होते, आणि कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी ते परतवून लावले होते. म्हणजे या चर्चचा आणि चर्चगेटचा जन्म एकाच भीतीच्या, एकाच महत्त्वाकांक्षेच्या काळातला. उत्तरेला बझार गेट, दक्षिणेच्या अंगाला अपोलो गेट आणि पश्चिमेला चर्च गेट अशी कोटाची तीन दारे होती. चर्च गेटमधून सरळ आत येणारा रस्ता चर्चपाशी आणि पुढे मोकळ्या हिरवळीवर पोचत असे. त्या रस्त्याच्या दक्षिणेला इंग्रजांची घरे आणि कचेऱ्या, उत्तरेला पारशी, गुजराती आणि इतर देशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती. आज ज्यावरून आपण चर्चकडे जातो तो रस्ता कोटातल्या दोन शहरांमधली रेघ होता.

तटाबाहेर मैदान होते. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटाच्या उत्तर भागात मोठी आग लागली. त्यानंतर तटासमोरची मोकळी जागा आणखी वाढवण्यात आली, म्हणजे तोफांचा मारा अडणार नाही. आजची ओव्हल आणि क्रॉस ही मैदाने त्याच मोकळ्या पट्ट्याचे तुकडे आहेत. स्थानकातून निघून चर्चकडे जाताना एका बाजूला ओव्हल आणि दुसऱ्या बाजूला क्रॉस मैदान लागते, तेव्हा आपण खरे तर तोफेच्या पल्ल्यातून कोटाकडे चाललेले असतो. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत आला, बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला, आणि १८६० च्या दशकात तट पाडला गेला. चर्च गेट जिथे होते त्या जागेपाशी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. अलीकडे या कारंज्याची दुरुस्ती चालू असताना शेजारीच जुने ट्रामचे रूळ निघाले. १९६४ साली शेवटची ट्राम धावली, त्यानंतर डांबराखाली गाडले गेलेले हे रूळ. एका चौकात तटाचा दरवाजा, कारंजे आणि ट्राम असे तीन थर एकावर एक बसलेले आहेत, आणि ते पाहायचे तर गाडीतून नव्हे, चालतच जावे लागते.

स्थानकाची गोष्टही वाटेचाच भाग आहे. १८७० साली इथे रेल्वे थांबू लागली तेव्हा रुळांच्या पश्चिमेला जवळच समुद्र होता. कुलाब्याचे स्थानक १९३० अखेर बंद झाले आणि चर्चगेट हे गाडीचे शेवटचे ठिकाण बनले. त्याच सुमारास बॅक बे बुजवून नवी जमीन तयार होत होती. त्या भरणीच्या कामातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणारे वकील खुर्शीद नरीमन यांचे नाव आज या रस्त्याला आहे. एका टोकाला त्यांनी ज्या भरणीवर झगडा केला ती जमीन, दुसऱ्या टोकाला १७१८ चे चर्च. शहरातल्या इतक्या थोड्या अंतरात इतके काही सांगणारा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

चर्च हे शहराचे मोजमापाचे केंद्र होते, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत काळ्या पाषाणाचे मैलाचे दगड बसवले गेले. त्यांवर रोमन आकड्यांत मैल आणि सेंट थॉमस चर्चचा उल्लेख. काळबादेवी, दादर अशा ठिकाणचे दगड पदपथांची उंची वाढत गेली तसे जमिनीत बुडत गेले. काहींचा फक्त माथा दिसत होता आणि त्यावर लोक बसत होते. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यांतले काही उकरून, स्वच्छ करून पुन्हा उभे केले, हे चांगलेच झाले. पण जरा विचार केला तर त्यात एक उणीव दिसते. दगड सांगतो की चर्च इतके मैल दूर आहे, आणि ज्या स्थानकाचे नावच त्या चर्चवरून आले तिथल्या प्रवाशाला मात्र बाहेर पडल्यावर कोणत्या बाजूला वळायचे हे कळत नाही.

चर्चच्या जतनाबद्दल तक्रार करायला जागा नाही. काळजीपूर्वक केलेल्या दुरुस्तीला २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. आत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण एकाच स्मारकापाशी थांबायचे तर मी गव्हर्नर जोनाथन डंकन याचे स्मारक सांगेन. १८११ साली मुंबईतच वारलेल्या या माणसाच्या संगमरवरी शिल्पात दोन बालके कोरली आहेत, आणि बनारस व काठेवाड या भागांत बालहत्या बंद केल्याची नोंद आहे. मुलगी जन्मताच तिला मारण्याच्या चालीविरुद्ध त्याने केलेल्या प्रयत्नांचा तो संदर्भ. प्रथा तेवढ्या प्रयत्नांनी संपली नाही हे खरे. तरी सतीबंदी कायद्याच्याही आधीचा हा सामाजिक सुधारणेचा दगडी दाखला मुंबईच्या मध्यावर उभा आहे, आणि महाराष्ट्रात सुधारणेच्या इतिहासावर एवढे लिहिले-बोलले जात असताना त्याची फारशी आठवण निघत नाही. बाहेर आल्यावर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतले, गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने रेखाटलेले गॉथिक कारंजे आहे. पारशी दात्याने इंग्रज चर्चच्या दारात पाण्याची सोय करावी, यात कोटाच्या दोन वस्त्यांमधली ती जुनी रेघ पुसट होताना दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हातात फोन असताना वाटेची चिंता कशाला, आणि आता तर मेट्रोही आली. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक सुरू झाले आहे; तिथून चर्च काही मिनिटांवर. मेट्रोचे स्वागतच आहे, विशेषतः ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी. पण ती काही मिनिटे चालण्याचीच असतात. फोन दिशा दाखवतो. उखडलेली फरशी, पदपथावर चढवलेली मोटारसायकल, पायरी उतरून पुन्हा चढावी लागणारा प्रत्येक कोपरा आणि सिग्नलला मिळणारा अपुरा वेळ यांवर फोनकडे उपाय नाही. म्हाताऱ्या माणसाला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, लहान मूल घेतलेल्या बाईला ते शेवटचे पाचशे मीटरच अवघड असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. हे परक्या राज्यकर्त्यांचे चर्च, त्यांच्याच सरदार-अधिकाऱ्यांची स्मारके. त्याच्या वाटेसाठी आपण पैसा आणि कळकळ का खर्च करायची? याचे उत्तर रस्त्यावरच आहे. चर्च गेटच्या जागेपाशी आज हुतात्मा स्मारक उभे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार झाला, माणसे पडली, आणि राज्य मिळाल्यावर चौकाचे नाव बदलले. एल्फिन्स्टन सर्कलला भारताची बाजू घेणाऱ्या संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले, चर्चगेट स्ट्रीटला नरीमन यांचे. मुंबईकरांनी हा रस्ता पाडला नाही, तो आपला करून घेतला. ही वाट जपणे म्हणजे कंपनीचा गौरव करणे, असे मानले तर हुतात्म्यांचा चौकही त्या वाटेतून वेगळा काढावा लागेल, आणि ते शक्य नाही.

तिसरा आक्षेप जागेचा. रस्ता अरुंद, कचेऱ्या अनेक, गाड्या उभ्या करायला जागा नाही, पदपथावर फेरीवाले. चालणाऱ्याला जागा द्यायची कुठून? इथे जुन्या नगररचनेकडून शिकता येते. १८६० नंतर हॉर्निमन सर्कलभोवती इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तळमजल्याला सलग कमानी दिल्या गेल्या. ऊन आणि पाऊस चुकवत माणसाने सावलीत चालावे ही त्यामागची दृष्टी, आणि मुंबईच्या पावसात तिचे मोल आजही कळते. अशा कमानींखाली वाहने उभी राहणार नाहीत, माल पसरणार नाही एवढे जरी पाळले तरी नवी जागा शोधावी लागत नाही. फाउंटनभोवतीच्या पदपथांवरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी कित्येक वाचक घडवले आहेत. त्यांना अडथळा समजून हुसकणे हा उपाय मला मान्य नाही. त्यांच्या जागा आखून द्याव्यात आणि चालण्याचा पट्टा मोकळा ठेवावा. मोटारींच्या एका रांगेतली जागा कमी झाली तर गैरसोय थोड्यांची आणि सोय हजारोंची होईल.

वाट एकच नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. मध्य रेल्वेने येणाऱ्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून जुन्या बझार गेट स्ट्रीटने, म्हणजे आजच्या पेरीन नरीमन स्ट्रीटने, दक्षिणेकडे येता येते. ही कोटातल्या देशी वस्तीची वाट. ओव्हलभोवतीच्या इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्यापासून वीर नरीमन रस्त्याच्या बाजूकडे तज्ज्ञांचे आणि पर्यटकांचे लक्ष आहे. बझार गेटच्या गल्ल्यांकडे तेवढे नाही. म्हणून दोन्हींपैकी एकच वाट आधी हाती घेता येणार असेल, तर ती बझार गेटची असावी. टर्मिनसबाहेर मराठीतला ठळक दिशाफलक, त्यावर चर्चपर्यंतचे चालण्याचे अंतर, गल्लीभर सलग आणि सपाट पदपथ, आणि दर चौकात जुन्या नावासह नवे नाव, इतक्याने सुरुवात होऊ शकते.