ताट पाहून डोस

टाइप-१ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्यामुळे दिवसभर मंद गतीने काम करणारे एक इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे दुसरे, अशी दोन्ही बाहेरून घ्यावी लागतात. जेवणाच्या इन्सुलिनचा आकडा अनेक घरांत चिठ्ठीवर एकदा लिहिला की तोच चालू राहतो: सकाळी सहा, दुपारी आठ, रात्री आठ. मग माणसाला डोसाच्या मापाने जेवावे लागते. भूक नसली तरी पोळी संपवायची, नाहीतर साखर खाली जाणार. सणाला थोडे जास्त खाल्ले की ती चढणार. हा उलटा व्यवहार आहे. डोस ताटाकडे पाहून ठरावा, आणि तो ठरवण्याचे गणित रुग्णाला शिकवणे हा उपचाराचाच भाग मानावा, असे माझे ठाम मत आहे.

गणित शाळेतल्या भागाकाराच्या पलीकडचे नाही. रक्तातली साखर मुख्यतः कर्बोदकांनी वाढते, म्हणून एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते, हे आधी कळायला हवे. सुरुवातीचा अंदाज म्हणून ५०० ला दिवसभराच्या एकूण युनिटांनी भागतात. दिवसाला ४० युनिट लागत असतील, तर एका युनिटमागे सुमारे १२ ग्रॅम. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदके असतात. दोन पोळ्या, अर्धी वाटी भात आणि वाटीभर आमटी मिळून ७२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा युनिट. जेवणाआधी साखर १९० आणि लक्ष्य १२० असेल, तर वरच्या ७० साठी वेगळी भर लागते. १८०० ला ४० ने भागले की ४५ येतात. एक युनिट साखर साधारण तेवढी उतरवते, म्हणून आणखी दीड युनिट. एकूण साडेसात. मात्र आधीच्या डोसाला दोनच तास झाले असतील, तर त्याचा अंमल अजून शिल्लक असतो आणि ही भर तेवढी कमी करावी लागते. हे भागाकार फक्त सुरुवातीचे. प्रत्येकाचे खरे आकडे नोंदी पाहून डॉक्टरच पक्के करतात. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांना तर ही पद्धत लागूच पडत नाही.

या पद्धतीने साखर वारंवार खाली जाईल, ही भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, तेव्हा काटेकोर उपचारांनी डोळे आणि मूत्रपिंडे वाचतात हे सिद्ध झाले. पण साखर धोकादायक पातळीवर घसरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले होते. पुढे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या शिक्षणक्रमाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये प्रौढांना पाच दिवसांचे शिक्षण दिले गेले. खाणे मोकळे, पण डोस मोजून. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सुमारे एक टक्क्याने उतरला, आणि गंभीर घसरणीचे प्रसंग लक्षणीय वाढले नाहीत. शिकवून दिलेल्या मोकळिकीचा हा परिणाम आहे.

आपल्या स्वयंपाकघरात वजनकाटा कुठे असतो, हा दुसरा आक्षेप. ऑस्ट्रेलियात मुलांवर झालेल्या अभ्यासांत ६० ग्रॅमच्या जेवणात दहा ग्रॅमची चूक निभावून गेली, वीस ग्रॅमची मात्र भोवली. म्हणजे ठरलेली एक वाटी आणि एकदा मोजून पाहिलेला कणकेचा गोळा एवढ्यावर बरेच भागते. खरी फसगत उपवासाला होते. कोरड्या ५० ग्रॅम साबुदाण्यात ४० ग्रॅमहून जास्त कर्बोदके असतात, दोन पोळ्यांइतकी; आणि उपवास आहे म्हणून डोस कमी करण्याकडे मन ओढ घेते. त्यात दाण्याचा कूट आणि तूप असल्याने साखर उशिरा चढते, त्यामुळे दोन तासांनी केलेल्या तपासणीवरही पूर्ण विसंबता येत नाही.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण जेवणाआधीची साखर माहीत नसेल तर गणिताचा अर्धा भाग गळतो आणि स्ट्रिपा महाग आहेत. पण म्हणून शिक्षण टाळणे न्याय्य नाही. ताटातली कर्बोदके मोजायला स्ट्रिप लागत नाही. त्या शिकवणीत सिरिंजचा धडा आधी हवा. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरमागे ४० युनिटांचे असते, पेनातले १०० चे. लाल टोपणाची ४० ची सिरिंज १०० च्या इन्सुलिनला वापरली, तर दहाच्या खुणेपर्यंत भरलेल्या डोसातून २५ युनिट शरीरात जातात, आणि मग ताटाचा हिशेब कितीही बिनचूक केलेला असला तरी साखर कोसळते.